४८ दिवस, सहा देश आणि पहिली संक्रांत : लांबच्या हनिमूनचं नियोजन

रंकाळ्याकाठची

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझं लग्न आहे. मी कोल्हापुरातल्या राजारामपुरीची, तो कसबा बावड्याचा. बघून-ठरवून झालेलं लग्न. साखरपुडा होऊन चार महिने झालेत आणि आमचं निम्मं बोलणं फोनवरच झालंय. त्याची शिरोलीला घरची फौंड्री आहे. मी पुण्याची नोकरी सोडून परत आलेय, नवीन काम एप्रिलपासून सुरू होईल. एवढी सलग मोकळीक आम्हा दोघांना पुन्हा कधी मिळेल देव जाणे. म्हणून आठ दिवसांचं पॅकेज न घेता एकदाच मोठा प्रवास करायचं ठरवलंय.

आत्ताचा बेत असा : ५ जानेवारीला निघायचं, २१ फेब्रुवारीला परत. बाली ८ दिवस, सिंगापूर ४, थायलंड १२, लाओस ६, व्हिएतनाम १२, कंबोडिया ६. बजेट दोघांचं मिळून विमानासकट ७ लाख.

मला विचारायचंय ते हे. ४८ दिवसांत सहा देश जास्त होतात का? मी सोमवार-गुरुवार पाळते, तर खाण्याचं कसं जमेल? आणि सगळ्यात अवघड म्हणजे घरच्यांचं काय? होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस जावा की, पण दीड महिना नव्या नवरीनं घराबाहेर?" त्या रागावलेल्या नाहीत, पण त्यांना वाईट वाटलंय. ते मला खुपतंय. मनापासून सल्ला द्या.

पन्हाळगडी

नाद खुळा बेत हाय ताई. सात लाखांत दोघं दीड महिना फिरताय म्हटल्यावर आमच्या गल्लीतली चार लग्नं याच सीझनला उरकतील.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

अभिनंदन! देश कुठले हे नंतर ठरव, आधी पाऊस बघ. जानेवारी-फेब्रुवारी हा बालीचा भर पावसाळा. तिकडचा कोरडा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. आपल्याकडे जुलैत कुणी गगनबावड्याला बीचवरचे कपडे घेऊन जातं का?

दुसरं, तुझ्या बेताप्रमाणे तुम्ही ४ फेब्रुवारीला व्हिएतनाममध्ये शिरताय. २०२७ साली तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, ६ फेब्रुवारीला आहे. आपल्या दिवाळीसारखा सण. सगळा देश गावाकडे निघतो, रेल्वे आणि बस आधीच भरलेल्या असतात आणि सणाच्या दिवसांत घरगुती खानावळी बंद. तुमचे बारापैकी निम्मे दिवस बंद शटरं बघण्यात जातील.

मंगळवारपेठ_वहिनी

पावसाचं राहू दे, ५ जानेवारी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पहिली संक्रांत आली! नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी, हलव्याचे दागिने, घरी हळदी-कुंकू. सासूबाईंना दीड महिना खुपत नसेल गं, संक्रांत चुकतेय ते खुपत असेल. बायका तोंडानं दिवस मोजतात, मनात सण मोजतात. एकदा सरळ विचारून बघ.

माझ्या लग्नात हलव्याचे दागिने सासूबाईंनी स्वतः केले होते. मंद शेगडीवर परात ठेवून एकेका तिळावर पाकाचा थेंब सोडत चार दिवस बसल्या होत्या. काटे येईपर्यंत बोटं भाजली. मी त्या वर्षी नसते तर त्यांनी ते कुणाला घातले असते?

घाटावरचा

मी वेगळं सुचवतो. एवढी मोठी सुट्टी आहे तर युरोप करा. शेंगेनचा एक व्हिसा काढला की कितीतरी देश फिरता येतात. १८० दिवसांत ९० दिवस राहायला मिळतं. आशिया काय, नंतर कधीही होईल.

कागदवाला

@घाटावरचा, सहमत नाही. जानेवारीत पॅरिसला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि वर उत्तरेकडे तर त्याही आधी. थंडीचे कपडे घेण्यातच लाखभर जातील. सात लाखांत दोघांचे युरोपात ४८ दिवस म्हणजे रोज हिशेबाची वही उघडून बसायचं. शिवाय जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज, ३० हजार युरोचा विमा, बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईची वारी. लग्नाच्या धावपळीत हे नको. युरोप मे-जूनसाठी ठेवा.

ताईंसाठी कागदांचं सांगतो, हेच माझं रोजचं काम.

लग्न झाल्या झाल्या पासपोर्टवर नाव बदलायला जाऊ नका. नाव बदललं की पासपोर्ट नव्याने निघतो आणि नंबरही बदलतो. माहेरच्या नावाने काढलेली तिकिटं आणि व्हिसा मग जुळत नाहीत. माहेरच्या नावाने प्रवास करायला काहीच अडचण नाही. नाव बदलायचं की नाही ते परत आल्यावर निवांत ठरवा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. त्यात कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार ते ठिकाण (नाका) लिहावं लागतं. लाओसचा ई-व्हिसा सगळ्या नाक्यांवर चालत नाही, तेव्हा यादी बघून मगच रस्ता ठरवा. थायलंडने जुलै २०२४ पासून आपल्याला ६० दिवस बिनव्हिसा प्रवेश दिला, पण असे नियम बदलत राहतात. निघायच्या आधी पुन्हा बघा, आणि तिथलं डिजिटल आगमन कार्ड भरायला विसरू नका, २०२५ च्या मेपासून ते सक्तीचं आहे.

दोन_बॅगा

आम्ही दोघांनी लग्नानंतर ४१ दिवसांचा असाच प्रवास केला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कागदवाला दादांच्या मुद्द्याला जोडून. नवऱ्याच्या ई-व्हिसावर जन्मतारखेतला दिवस आणि महिना उलटे पडले होते. सात जून ऐवजी सहा जुलै. आम्ही घरी दोनदा वाचलं, दोघांनाही दिसलं नाही. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीला एका नजरेत दिसलं. विमान गेलं. माझ्या हातावरची मेंदी अजून गडद होती आणि मी बॅगांवर बसून रडत होते. दुसरा व्हिसा, दुसरी तिकिटं, अंधेरीला तीन रात्री. पन्नास हजारांच्या पुढे फटका. तुम्ही व्हिसाची प्रिंट तिसऱ्या माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमची जन्मतारीख पाठ नाही त्याला.

आता मूळ प्रश्न. सहा देश जास्तच होतात. देश बदलायचा म्हणजे एक अख्खा दिवस जातो. सकाळी सामान बांधा, विमानतळ गाठा, रांगेत उभे राहा, नवं सिम, नवे पैसे, नवं हॉटेल. सहा देशांत असे सहा दिवस गेले, आणि आतल्या गावांचे वेगळे. आम्ही पाच देश ठरवले होते, तीनच केले. पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी गाव बदलत होतो. लाओसमध्ये लुआंग प्रबांगला पोचलो तेव्हा दोघांच्या तोंडाला कुलूप होतं. भांडण कशावरून झालं तर टॉवेल कुणी ओला ठेवला यावरून! अनोळखी माणसाबरोबर चोवीस तास एका खोलीत राहणं सोपं नसतं, आणि ठरवून झालेल्या लग्नात पहिले काही आठवडे तो माणूस अर्धा अनोळखीच असतो.

मग आम्ही तिथेच सहा रात्री राहिलो. सकाळी तो नदीकडे फिरायला जायचा, मी खोलीबाहेर चहा घेत वाचत बसायची. दोन तास वेगवेगळे. परत आला की त्याला सांगायला काहीतरी असायचं आणि मला ऐकावंसं वाटायचं. पाचव्या दिवशी तो धोब्याकडून कपड्यांची पिशवी घेऊन आला, माझा दुपट्टा वर घडी घालून ठेवलेला. मला माझा नवरा त्या दिवशी आवडायला लागला. म्हणून सांगते, एका गावी निदान तीन रात्री, आणि आठवड्यात एक दिवस काहीही न बघण्याचा.

खर्च : राहणं, खाणं, तिथला प्रवास धरून दोघांना दिवसाला साधारण साडेपाच हजार लागले, पण थायलंडची बेटं त्याच्या वर जातात. डोंगची, म्हणजे व्हिएतनामच्या चलनाची, एक सवय लावून घ्या. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळसर. अंधारात रिक्षावाल्याला चुकीची नोट गेली की पंचवीसपट गेले. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. कंबोडियात डॉलर चालतात, पण फाटकी किंवा मळकी नोट घेत नाहीत.

रंकाळ्याकाठची

@दोन_बॅगा, तुमचं लिहिणं वाचून खूप वेळ गप्प बसले होते. हे असं कुणीच सांगत नाही. आणि @मंगळवारपेठ_वहिनी, तुम्ही म्हणालात ते खरं असेल असं वाटतंय. उद्या आईला घेऊन त्यांच्याकडे जाते.

फौंड्रीवाला_शिरोली

वहिनी, मी पण शिरोलीचाच. तुमच्या ह्यांना एवढंच सांगा, काहीही झालं तरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात भट्टीवर पाहिजेत. मार्च एंडिंगला डिस्पॅच आणि वसुली दोन्ही अंगावर येतात. मी लग्नानंतर दहा दिवस केरळला गेलो होतो, त्यातले चार दिवस हाऊसबोटीवरून साच्याचे पॅटर्न करणाऱ्याशी फोनवर बोलण्यात गेले. बायको अजून ती आठवण काढते. मागे कुणाला तरी अधिकार देऊन जा म्हणावं, फोन बंद ठेवता आला पाहिजे.

पन्हाळगडी

मी तर म्हणतो व्हिएतनाममध्ये गाडी भाड्यानं घ्या आणि उत्तरेतला 'हा जियांग'चा घाट मारा. भावाचा हात बुलेटवर बसलेला असंलच.

कागदवाला

@पन्हाळगडी, कृपा करून असं सुचवू नका. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या कराराखालचा, व्हिएतनाम १९६८ च्या कराराखालचाच परवाना मानतं. म्हणजे तिथे आपण बिनपरवान्याचे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. घाट बघायचाच तर तिथला चालक घ्या, मागच्या सीटवरून दरीही नीट दिसते. थायलंडमध्ये तो परवाना चालतो, पण त्यावर दुचाकीची नोंद आहे का ते बघा.

पन्हाळगडी

बरोबर हाय दादा. मला हे ठाऊक नव्हतं. शब्द मागे घेतो.

निवृत्त_ग्रंथपाल

आमचं लग्न १९८६ सालचं. घरात 'हनिमून' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जातो म्हणून निघालो, वाडीला गेलोही, आणि तिथून परतताना घरी न जाता यष्टीने पन्हाळा गाठला. दोन रात्री. गडाच्या 'तीन दरवाजा'पाशी धुकं इतकं होतं की हे चार पावलं पुढे गेले आणि दिसेनासे झाले. मी घाबरून पहिल्यांदा त्यांना नावाने हाक मारली. एका बाईने टोपलीतून झुणका-भाकरी दिली, आम्ही एकाच कागदावर खाल्ली. परत आल्यावर सासूबाईंनी फक्त विचारलं, "वाडीला गर्दी होती का गं?" त्यांना सगळं कळलं होतं.

बाळा, जा. दीड महिना जा. पण लपवून नको, सांगून जा. तुझ्या सासूबाई तुझ्याशी बोलताहेत, आम्हाला ते सुख नव्हतं.

घाटावरचा

ग्रंथपालकाकू, डोळ्यांत पाणी आलं. युरोपाचा हट्ट सोडला.

चटणी_मास्टर

खाण्याचं कुणी बोललंच नाही, म्हणून मी येते. सोमवार-गुरुवार अगदी जमेल. व्हिएतनाममध्ये 'चाय' ही पाटी शोध, म्हणजे शाकाहारी. बौद्ध लोक पौर्णिमा-अमावस्येला मांस टाळतात, त्या दिवशी या खानावळी भरलेल्या असतात. थायलंडमध्ये 'जे' म्हणायचं. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर माशाचा रस्सा घालतात, कारण मासळीचं पाणी त्यांच्याकडे मिठासारखं पडतं. तेवढं स्पष्ट सांगायचं.

आणि फार महत्त्वाचं. आई कांदा-लसूण चटणी बांधून देईलच, कोल्हापूरची पोर चटणीशिवाय बाहेर पडत नाही. पण आपल्या चटणीत खसखस असते. सिंगापूरला खसखस न्यायला बंदी आहे, तो अमली पदार्थांचा कायदा आहे. आखाती देशांतही तेच. बंदीच्या यादीत नाव आहे म्हटल्यावर थोडी होती, मसाल्यात होती असलं काही ऐकत नाहीत. सिंगापूर किंवा दुबईमार्गे जाणार असशील तर वेगळी चटणी कुटून घे.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

हे मलाही माहीत नव्हतं! काकू, तुम्ही एका घराला मोठ्या संकटातून वाचवलंत.

ताई, आता माझं मत. बाली आणि सिंगापूर दोन्ही काढ. उलटी दिशा धर. मुंबईहून थेट हनोई, आणि तेतच्या आधी उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जा. तेतच्या आधी लोंढा दक्षिणेतल्या सायगावकडून वर गावांकडे जातो, तुम्ही त्याच्या उलट जाल तर रेल्वेत जागा मिळेल. ह्युए ते दानांग हा पट्टा दिवसाउजेडी रेल्वेनेच करा, हाय वान घाटात एका बाजूला डोंगर आणि खाली समुद्र. फक्त जानेवारीत हनोईला थंडी असते, भुरभूर पाऊस असतो, स्वेटर घ्या.

सायगावहून बसने कंबोडियात नोम पेन्ह. थायलंड-कंबोडिया सीमेवर २०२५ मध्ये चकमकी झाल्या आणि जमिनीवरची नाकी बंद झाली, त्यामुळे त्या बाजूने ये-जा धरू नका. कंबोडियातल्याच सिएम रीपहून विमानाने लुआंग प्रबांग, तिथून मेकाँगवरून दोन दिवसांच्या बोटीने वर हुआय साय, पूल ओलांडला की थायलंड. चिआंग माईला फेब्रुवारीच्या शेवटी शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, तिथे रेंगाळू नका. सरळ दक्षिणेला क्राबीकडे. अंदमान समुद्राची बाजू तेव्हा कोरडी असते. तुझा बालीचा समुद्र तिथे मिळेल.

निवृत्त_ग्रंथपाल

सिएम रीपजवळचं अंगकोर वाट चुकवू नका. मी दोन वर्षांपूर्वी मुलाबरोबर गेले होते. बाराव्या शतकात बांधलेलं विष्णूचं मंदिर, आणि आपल्या अंबाबाईच्या देवळासारखं पश्चिमाभिमुख. आपल्याकडे किरणोत्सवात मावळतीची किरणं देवीच्या चरणांपर्यंत येतात, तिथे पहाटे उगवता सूर्य शिखरांच्या मागून वर येतो. मी हात जोडले, बाजूच्या परदेशी मुलीने माझ्याकडे बघून जोडले. समुद्रमंथनाची भिंत पन्नास मीटरच्या आसपास लांब आहे, देव-दानव दोन्हीकडून ओढताहेत. तिथे एक तास राखून ठेवा. एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२ आणि ते दहा दिवसांत कधीही वापरता येतं. तीन दिवसांचंच घ्या, मध्ये विश्रांतीचा दिवस घालता येतो.

मंगळवारपेठ_वहिनी

मग? गेलीस का सासूबाईंकडे? आम्ही इथे श्वास रोखून बसलोय.

रंकाळ्याकाठची

गेले होते. आई आणि मी. चहा झाला आणि मी सासूबाईंना सरळ विचारलं, "आई, तुम्हाला संक्रांतीचं वाईट वाटतंय का?" त्या आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. त्यात हलव्याचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. त्यांच्या सासूबाईंनी केलेल्या हारातला एक मणी त्यांनी इतकी वर्षं कापसात ठेवलाय, तोही दाखवला. म्हणाल्या, "हा बघून मी शिकले. तुझ्यासाठी गणपतीनंतर नवे करायला घेणार होते." मला बोलताच येईना.

तर नवा बेत. लग्नानंतर जोतिबा, अंबाबाई, सत्यनारायण, मांडवपरतणी सगळं होईल. संक्रांत घरी. १७ जानेवारीला निघायचं. व्हिएतनाम १७ दिवस, तेतच्या आधी २ फेब्रुवारीपर्यंत. मग कंबोडिया ८, लाओस ७, थायलंड १२. १ मार्चला परत, दुसऱ्या दिवशी तो भट्टीवर. एकूण ४४ दिवस, चार देश. तो बालीसाठी थोडा हळहळला, पण मेकाँगच्या दोन दिवसांच्या बोटीचं नाव काढल्यावर लहान मुलासारखा नकाशा घेऊन बसला. आठवड्यातला एक दिवस मोकळा आणि सकाळचे दोन तास आपापले, हे त्यानेच वहीत लिहून घेतलं. व्हिसाची प्रिंट त्याचा मॅनेजर वाचणार आहे.

सासूबाईंनी एकच अट घातलीय. रोज रात्री फोटो नको, आवाज पाठवायचा.

दोन_बॅगा

आवाज! किती छान मागितलं त्यांनी. वाय-फायवर जमतं, आणि दोघांनी वेगवेगळ्या कंपन्यांचं सिम घ्या, एकाला रेंज नसेल तर दुसऱ्याला असते.

चटणी_मास्टर

चार देश छान. चटणीचं काय ठरलं?

रंकाळ्याकाठची

आईने बेत ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला, "सिंगापूर काढलंस ना, मग आता खसखस घालू का?"

चटणी_मास्टर

नको म्हणावं. परतीचं विमान कुठून वळवतील सांगता येत नाही. अर्धा किलो बिनखसखशीची कुटा, तीळ-खोबरं चांगलं खमंग भाजा, फरक कळणार नाही. दोन पिशव्यांत बांधा, एक त्याच्या बॅगेत, एक तुझ्या.